किकर बदलावा की ठेवावा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकरने लागोपाठ दोन-तीन सोप्या किक हुकवल्या की त्या संघाच्या चाहत्यांत ठरलेला वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, याला आजच्या आज काढा. दुसरा म्हणतो, थोडा धीर धरा, लय परत येईल. हा वाद नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएलच्या जवळजवळ प्रत्येक हंगामात कुठल्या ना कुठल्या शहरात रंगतो. दोन्ही गटांकडे आपापले पुरावे असतात आणि ते खोटे नसतात. पण चाहते ज्या आकड्यांवरून भांडतात, ते निकाल द्यायला बहुधा अपुरे पडतात.

किकरचे काम

हा खेळ पायाने कमी आणि हाताने जास्त खेळला जातो. लंबगोल चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचणे म्हणजे टचडाऊन. त्याचे ६ गुण. टचडाऊननंतर चेंडू लाथाडून खांबांमधून घातला की आणखी १ गुण मिळतो. टचडाऊनपर्यंत मजल जात नसेल, तर संघ दुरूनच खांबांमधून किक मारायचा पर्याय निवडतो. हा फील्ड गोल असतो आणि त्याचे ३ गुण असतात.

गोलचे दोन खांब एकमेकांपासून साडेअठरा फूट अंतरावर असतात आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा जमिनीपासून १० फूट उंच असतो. चेंडू या दांड्याच्या वरून आणि खांबांच्या मधून जावा लागतो. ४७ यार्डांवरून, म्हणजे सुमारे ४३ मीटरवरून, खांबांच्या मध्यापासून कोणत्याही बाजूला पावणेचार अंशांची चूक झाली की गुण गेला. २७ यार्डांवर ही सवलत साडेसहा अंशांपर्यंत वाढते. म्हणून जवळची किक हुकली की चाहते जास्त चिडतात.

संघाच्या ५३ जणांच्या ताफ्यात किकर साधारणपणे एकच असतो. सामन्यात तो मोजून काही मिनिटे मैदानावर असतो, पण एनएफएलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांच्या यादीवर किकरांचेच राज्य आहे. यादीत पहिल्या असलेल्या ॲडम विनाटिएरीच्या नावावर २,६७३ गुण आहेत.

तिघांची सव्वा सेकंदाची कसरत

फील्ड गोल एकट्या किकरचा नसतो. लाँग स्नॅपर वाकून, दोन पायांच्या मधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो. गुडघा टेकून बसलेला होल्डर तो झेलतो, टोकावर उभा करतो आणि चेंडूची शिवण किकरच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे खांबांकडे वळवतो. तोवर किकरची पावले सुरू झालेली असतात. चेंडू स्नॅपरच्या हातातून सुटल्यापासून किकरच्या पायाला लागेपर्यंत सुमारे १.३ सेकंद जातात. त्याहून उशीर झाला, तर समोरून धावून येणारे बचावपटू चेंडू अडवतात.

यात कुठेही बारीकशी गडबड झाली तरी दोष किकरच्या माथी येतो. १० जानेवारी २०१६ रोजी मिनियापोलिसमध्ये उणे २१ अंश सेल्सिअसच्या थंडीत मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि सिॲटल सीहॉक्स यांच्यात प्ले-ऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना झाला. मिनेसोटाचे सगळे ९ गुण ब्लेअर वॉल्श या किकरच्या तीन फील्ड गोलमधून आले होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात २७ यार्डांची किक उरली होती आणि ती जिंकून देणारी होती. चेंडू उभा राहिला तेव्हा त्याची शिवण वॉल्शच्याच बाजूला होती. किक डावीकडून बाहेर गेली आणि संघ ९-१० असा हरला. त्या दिवशी संघाला टचडाऊन एकदाही करता आला नव्हता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती हुकलेली किक. वॉल्शने स्वतः कोणालाही बोल लावला नाही. मिनेसोटातल्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी त्याला धीर देणारी पत्रे लिहिली आणि तो आभार मानायला त्यांच्या वर्गात गेला.

अपेक्षा कशा वाढल्या

साठ वर्षांपूर्वी किकर आजच्या मानाने फारच चुकत. १९६० च्या दशकात फील्ड गोलच्या प्रयत्नांपैकी जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक यशस्वी होत. त्या काळचे किकर सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू मारत. १९६४ मध्ये बफेलो बिल्स संघात पीट गोगोलाक आला. हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर देश सोडून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातला हा मुलगा सॉकर खेळत वाढला होता. तो तिरका धावत येऊन पायाच्या वरच्या भागाने चेंडू मारू लागला. पायाचा मोठा भाग चेंडूला लागत असल्याने दिशा आणि ताकद दोन्ही सुधारली. पुढच्या दोन दशकांत सगळ्यांनी हीच पद्धत उचलली. सरळ मारणारा शेवटचा नियमित किकर मार्क मोसली १९८६ मध्ये निवृत्त झाला.

बंदिस्त मैदाने, चांगले गवत, फक्त किकचे शिक्षण देणारी शिबिरे आणि फक्त याच कामासाठी नेमलेले स्नॅपर यांमुळे यशाचे प्रमाण वाढत जाऊन ८५ टक्क्यांच्या आसपास आले. टचडाऊननंतरची किक तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा यशस्वी होऊ लागली. तिच्यात काही चुरस उरली नाही म्हणून २०१५ मध्ये लीगने ती मागे नेऊन ३३ यार्डांची केली. यश सुमारे ९४ टक्क्यांवर आले आणि चाहत्यांना चिडायला एक नवे निमित्त मिळाले.

किकर चांगले झाले तशी त्यांना मिळणारी माफी कमी झाली. जी किक पूर्वी साधली की टाळ्या पडत, ती आज हुकली की शिट्ट्या पडतात.

बोट किकरकडेच का

यष्टिरक्षकाने दिवसभर टिपलेले चेंडू कोणी मोजत नाही आणि सुटलेला एक झेल मात्र गावभर होतो, तसेच किकरचे आहे. त्याचे काम इतरांपासून वेगळे काढून मोजता येते आणि ते बहुधा सामन्याच्या अगदी शेवटी येते. त्याच्या आधीच्या तासभरात इतर पन्नासजणांनी केलेल्या चुका धूसर होतात आणि त्याची चूक मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २७ जानेवारी १९९१ चे आहे. टँपा येथील सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, बफेलो बिल्स न्यूयॉर्क जायंट्सच्या १९-२० असे मागे होते. ८ सेकंद उरले असताना स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांच्या किकसाठी उभा राहिला. चेंडूत ताकद पुरेशी होती, पण तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. बफेलोचे घरचे मैदान कृत्रिम गवताचे होते आणि टँपाचे खऱ्या गवताचे. शिवाय त्या काळी इतक्या अंतरावरची किक खात्रीची मानली जात नसे. तरी ‘वाइड राइट’ हे दोन शब्द नॉरवूडला कायमचे चिकटले.

मात्र बफेलोच्या चाहत्यांनी तेव्हा वेगळेच काही केले. दुसऱ्याच दिवशी शहरातल्या नायगारा चौकात संघाच्या स्वागताला हजारो लोक जमले आणि त्यांनी नॉरवूडच्या नावाचा घोष करून त्याला बोलायला लावले. चाहते म्हटले की निर्दयच असतात, ही समजूत या प्रसंगाने खोटी ठरवली.

‘काढा’ म्हणणाऱ्यांची बाजू

किकर बदलावा असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा खर्चाचा असतो. सर्वांत महागड्या किकरला वर्षाला साधारण ६०-७० लाख डॉलर मिळतात, तर खेळाची सूत्रे हाताळणाऱ्या अव्वल क्वार्टरबॅकचा आकडा ५ कोटी डॉलरच्या पुढे जातो. क्वार्टरबॅक बदलला की सगळी खेळी नव्याने बसवावी लागते. किकर बदलला तर स्नॅपर आणि होल्डर यांच्याशी वेळ जुळवणे एवढेच काम उरते. नवा माणूस आठवडाभरात कामाला लागू शकतो.

दुसरा मुद्दा असा की बदल केल्यावर खरोखर फायदा झाल्याची उदाहरणे आहेत. नॉरवूडला बफेलोने आणखी एक हंगाम दिला. त्या हंगामातल्या उपांत्य सामन्यात त्याच्याच ४४ यार्डांच्या किकने डेन्व्हरवर १०-७ असा विजय मिळाला, पण एकूण प्रयत्नांपैकी एक तृतीयांशाहून जास्त हुकले होते. १९९२ मध्ये संघाने स्टीव्ह ख्रिस्टीला आणले. त्याच हंगामाच्या प्ले-ऑफमध्ये बफेलोने ह्यूस्टनविरुद्ध ३२ गुणांची पिछाडी भरून काढली आणि जादा वेळेत विजयाची किक ख्रिस्टीने मारली.

डॅलस काउबॉइजचे उदाहरण आणखी ताजे आहे. ब्रेट माहरने २०२२ च्या नियमित हंगामात ३२ पैकी २९ फील्ड गोल साधले होते. १६ जानेवारी २०२३ रोजी टँपा बेविरुद्धच्या प्ले-ऑफ सामन्यात मात्र त्याने टचडाऊननंतरच्या चार किक लागोपाठ हुकवल्या. संघ ३१-१४ असा सहज जिंकला, तरी आठवडाभर चर्चा माहरचीच होती. पुढच्या हंगामासाठी डॅलसने ब्रँडन ऑब्रीला घेतले. तो मुळात सॉकरपटू होता, मधल्या काळात त्याने सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी केली होती आणि एनएफएलमध्ये तो त्याआधी एकदाही खेळला नव्हता. त्याने कारकिर्दीतले पहिले ३५ फील्ड गोल एकही न हुकवता साधून विक्रम केला.

‘ठेवा’ म्हणणाऱ्यांची बाजू

धीर धरा म्हणणाऱ्यांचे सर्वांत भक्कम उदाहरण ग्रीन बे पॅकर्सच्या मेसन क्रॉस्बीचे आहे. २०१२ मध्ये त्याचे ३३ पैकी २१ च फील्ड गोल साधले, म्हणजे जेमतेम ६४ टक्के. ग्रीन बेच्या विस्कॉन्सिन राज्यात त्याला काढण्याची मागणी जोरात होती. संघाने त्याला ठेवले. पुढच्या हंगामात त्याने ३७ पैकी ३३ साधले. ऑक्टोबर २०१८ मध्ये डेट्रॉइटमध्ये त्याने एकाच सामन्यात चार फील्ड गोल आणि टचडाऊननंतरची एक किक हुकवली. संघ ८ गुणांनी हरला आणि त्याच्या पायातून निसटलेले गुण होते १३. जुना वाद पुन्हा उकरला गेला. पुढच्याच सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी किक त्यानेच मारली. तो आणखी चार हंगाम ग्रीन बेसाठी खेळला आणि संघाच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला.

घाईची किंमत मोजलेले संघही आहेत. शिकागो बेअर्सने सप्टेंबर २०१६ मध्ये रॉबी गूल्डला काढले. संघाच्या इतिहासातले सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोसाठी २०१७ आणि २०१८ या दोन हंगामांत मिळून त्याने ७५ पैकी ७२ फील्ड गोल साधले. शिकागोत मात्र एकामागून एक किकर येत-जात राहिले. जानेवारी २०१९ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या प्ले-ऑफ सामन्यात कोडी पार्कीची ४३ यार्डांची किक आधी डाव्या खांबावर, मग आडव्या दांड्यावर आपटून बाहेर पडली आणि शिकागो १५-१६ असा हरला. प्रतिस्पर्ध्याच्या बोटांचा चेंडूला स्पर्श झाल्याचे नंतर स्पष्ट झाले, पण पार्कीला दोन महिन्यांत जावे लागले.

मिनेसोटाची गोष्ट याहून बोलकी आहे. वॉल्शनंतर दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, संघाने डॅनिएल कार्लसन या तरुण किकरला निवडले. दुसऱ्याच सामन्यात ग्रीन बेविरुद्ध त्याने तीन फील्ड गोल हुकवले, त्यांतले दोन जादा वेळेत. सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी कार्लसनला निरोप मिळाला. त्याच्या जागी आलेला अनुभवी डॅन बेली उरलेल्या हंगामात ७५ टक्क्यांवर अडकला. कार्लसन ओकलंड रेडर्सकडे गेला आणि त्याच हंगामात त्याने तिथे १७ पैकी १६ साधले. २०२१ मध्ये ४० फील्ड गोल मारून तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला ठरला.

दोन बड्या निवडींची तुलनाही विचार करायला लावते. ओकलंडने २००० मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सेबॅस्टियन यानिकोव्स्कीला पहिल्या फेरीत निवडले. पहिल्या हंगामात त्याने ३२ पैकी २२ साधले. टँपा बेने २०१६ मध्ये रॉबर्टो अग्वायोला दुसऱ्या फेरीत निवडले. त्याने ३१ पैकी २२ साधले, म्हणजे किंचित सरसच. यानिकोव्स्कीला संघाने ठेवले आणि तो त्याच संघात १८ वर्षे राहिला. अग्वायोला पुढच्या ऑगस्टमध्येच काढले आणि त्याची गाडी पुन्हा रुळावर आली नाही. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून या दोघांचे भविष्य कोणालाच सांगता आले नसते.

थोड्या किकचे गणित

या परस्परविरोधी उदाहरणांमागे साधे अंकगणित आहे. एक किकर हंगामात साधारण ३० फील्ड गोल मारतो. त्याची खरी क्षमता ८५ टक्के आहे असे धरले, तर ३० पैकी २५-२६ साधावेत. पण केवळ योगायोगाने हा आकडा २२ पासून २९ पर्यंत कुठेही पडू शकतो. म्हणजे तोच माणूस, तोच पाय, तीच तयारी असताना एका वर्षी ७३ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९७ टक्के दिसू शकतात. पहिल्या वर्षी चाहते त्याला काढायला निघतात आणि दुसऱ्या वर्षी डोक्यावर घेतात.

चार-पाच किकवरून मत बनवणे तर आणखी धोक्याचे. ८५ टक्के क्षमतेचा किकर कोणत्याही पाच किकपैकी तीन किंवा अधिक हुकवण्याची शक्यता पावणेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ही शक्यता नगण्य वाटते. पण लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक किकरच्या ३० किकचे पाच-पाचचे सहा गट पडतात. असे एकूण १९२ गट झाले, तर त्यांतल्या पाचेक गटांत अशी पडझड निव्वळ योगायोगाने होणारच. त्या पाच शहरांत त्या आठवड्यात वाद पेटतो.

शिवाय टक्केवारीत अंतर दिसत नाही. ३० यार्डांच्या आतल्या किक जवळजवळ नेहमीच साधतात, ४० ते ४९ यार्डांच्या साधारण पाचांतल्या चार, आणि ५० च्या पुढे हुकण्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. क्रॉस्बीच्या २०१२ च्या हंगामात ५० यार्डांपलीकडचे तब्बल ९ प्रयत्न होते आणि त्यांतले २ च साधले. प्रशिक्षक ज्याला वारंवार लांबून मारायला लावतो, त्याची टक्केवारी घसरणारच. मैदानाचाही फरक पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो. शिकागो किंवा बफेलोच्या उघड्या मैदानावर डिसेंबरमध्ये वारा आणि थंडी दोन्ही किकरच्या विरोधात असतात.

प्रशिक्षक काय पाहतात

म्हणून संघातले जाणकार किक हुकली की नाही यापेक्षा ती कशी हुकली हे पाहतात. स्नॅप नीट आला का, होल्डरने चेंडू योग्य जागी ठेवला का, चेंडू कोणाच्या हाताला लागला का, हे चित्रफितीवर तपासले जाते. सगळे चेंडू एकाच बाजूला जात असतील, तर तंत्रातला ठरावीक दोष सापडण्याची शक्यता असते आणि तो सुधारता येतो. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असतील, तर दुखणे खोल असते. अंतर कमी पडू लागले तर पायाच्या ताकदीवर शंका येते.

दुखापत हा वेगळा विषय आहे. कायरो सांतोस २०१७ मध्ये जांघेच्या दुखण्यामुळे शिकागोत टिकला नाही. तोच बरा होऊन २०२० मध्ये तिथे परतला आणि त्याने ३२ पैकी ३० फील्ड गोल साधले. उलट वयाची घसरण परत फिरत नाही. विनाटिएरी २०१९ मध्ये ४६ वर्षांचा होता. गुडघ्याच्या त्रासाने त्याचे ते वर्ष २५ पैकी १७ वर संपले आणि तोच त्याचा शेवटचा हंगाम ठरला.

बदलाचा विचार पक्का होत आला की संघ रिकाम्या किकरना चाचणीसाठी बोलावतो. ही चाचणी बहुधा मंगळवारी होते, कारण त्या दिवशी खेळाडूंना सुटी असते. शिकागोने पार्कीनंतर २०१९ च्या शिबिरात आठ किकर एकत्र आणले आणि त्यांना मुद्दाम ४३ यार्डांवरून, सगळ्या संघासमोर किक मारायला लावली. पण सरावात दडपण उभे करायला मर्यादा असतात. रिकाम्या मैदानावर मंगळवारी सगळेच चांगले मारतात.

दडपण किकरला मोडते का, यावर चाहते हिरिरीने बोलतात. किकच्या आधी प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मुद्दाम वेळ मागून किकरला ताटकळत ठेवतात. या डावपेचाचा ठोस परिणाम अभ्यासांत दिसलेला नाही. तरीही एका चुकीनंतर किकरची पावले, वेग किंवा चेंडूवरची नजर बदलू लागली तर ते चित्रफितीत दिसते, आणि ते योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही.

निवाडा

हंगामाच्या मध्यावर रिकामा असलेला किकर बहुतेक वेळा कोणत्या तरी संघाने आधीच नाकारलेला असतो. म्हणून खरा प्रश्न हा किकर वाईट आहे का, एवढाच नसतो. बाजारात उपलब्ध असलेला माणूस याच्याहून खात्रीने चांगला आहे का, हेही विचारावे लागते. तंत्र ढासळले असेल, ताकद गेली असेल किंवा वय आडवे आले असेल, तर बदल लांबवणे हा केवळ भिडस्तपणा ठरतो. पण स्नॅप, होल्ड आणि पाय तिन्ही ठीक असतील आणि चेंडू फक्त काही वेळा खांबाच्या चुकीच्या बाजूने गेला असेल, तर किकर बदलणारा संघ बहुधा तेवढ्याच क्षमतेचा दुसरा माणूस विकत घेतो आणि पहिल्याचे चांगले दिवस प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतो.